ग्राउंड, डबा आणि झोप: पोलीस भरतीच्या तयारीतलं एक प्रकरण

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. पावसाळा संपत आला की दवाखान्यात एका ठरावीक वयाची गर्दी वाढते. अठरा ते पंचवीस वर्षांची मुलंमुली, पायात झिजलेले बूट, हातात स्टॉपवॉचचा मोबाइल आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "नडगी दुखतीय, पण ग्राउंड बंद करायला सांगू नका." हे प्रकरण त्यातल्याच एका मुलीचं आहे. तिच्या आणि तिच्या आईच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे तिला स्नेहल म्हणते. आकडे तिच्या वहीतले आणि माझ्या नोंदीतले आहेत.

पार्श्वभूमी

स्नेहल २१ वर्षांची. पन्हाळा तालुक्यातलं गाव, थोडा ऊस, दोन म्हशी, वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला. बी.ए.चं शेवटचं वर्ष संपलं आणि जूनमध्ये ती भरतीच्या तयारीसाठी शहरात आली. राजारामपुरीत तिघी मुलींची एक खोली, दोन वेळचा मेसचा डबा, जवळच एक अभ्यासिका आणि सकाळ-संध्याकाळ अकॅडमीचं ग्राउंड. घरच्यांनी तिला एक वर्ष दिलं होतं. वर्षात जमलं तर ठीक, नाहीतर स्थळं बघायची. पुढच्या प्रत्येक निर्णयामागे हे एक वर्ष उभं होतं, आणि ते मला फार उशिरा कळलं.

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची. मुलींसाठी ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि ४ किलोच्या गोळाफेकीला १५. स्पर्धा अशी की एकेका गुणावर माणसं आत-बाहेर होतात. म्हणून "टायमिंग" हा शब्द या मुलांच्या तोंडात दिवसभर असतो.

जूनमध्ये स्नेहलचं ८०० मीटरचं टायमिंग ३ मिनिटं १८ सेकंद होतं. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४९ किलो. म्हणजे वजन कमी करण्याची काही गरज नव्हती. पण जुलैत ग्राउंडवर सरसकट सगळ्यांना सांगितलं गेलं की अंगावरचा एकेक किलो उतरला की सेकंद कमी होतात. सत्तरेक मुलांच्या घोळक्यात ते वाक्य कुणासाठी होतं आणि कुणासाठी नव्हतं, हे कोण सांगणार? स्नेहलनं ते स्वतःसाठी घेतलं.

तिचा दिवस असा होता: साडेचारला उठायचं, सव्वापाचला ग्राउंड, आठपर्यंत धावणं आणि व्यायाम. दहा ते पाच अभ्यासिका. साडेपाच ते साडेसात पुन्हा ग्राउंड. जेवण, कपडे, फोन उरकून नऊला परत पुस्तक, ते रात्री साडेबारापर्यंत. झोप चार तास. रविवारी सुट्टी नव्हती, रविवारी दहा किलोमीटरचा लाँग रन असे. आणि न जाण्याला ग्राउंडवर एकच शब्द होता, खाडा. खाडा केला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर जादा फेऱ्या.

त्यात पाऊस. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात मैदानांवर चिखल असतो, त्यामुळे ही सगळी धावाधाव डांबरी रस्त्यावर चालली होती. चार महिने, दिवसातून दोनदा, तळवा झिजलेल्या बुटांवर.

अडचण कशी पुढे आली

ऑगस्टअखेर टायमिंग ३ मिनिटं १ सेकंदावर आलं. सगळे खूश. त्याच आठवड्यात ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूनं लांबलचक दुखत होतं, धावायला लागलं की दुखायचं आणि अंग गरम झालं की कमी व्हायचं. हे दुखणं मी आठवड्याला दहा वेळा बघते. बर्फ लावायला सांगितलं, पोटरीचे व्यायाम दिले, बूट बदलायला सांगितले, आठवडाभर संध्याकाळचं धावणं बंद कर म्हटलं. वीस मिनिटांत ती बाहेर पडली. काय खातेस, किती झोपतेस, पाळी नियमित आहे का, यातलं मी काहीही विचारलं नाही.

तिनं संध्याकाळचं धावणं चार दिवस बंद ठेवलं. पाचव्या दिवशी परत सुरू.

सप्टेंबरच्या शेवटी नवरात्र आलं. घरी अंबाबाईचा नवस होता, आईनं नऊ दिवसांचा उपवास सांगितला होता आणि स्नेहलला तो मनापासून करायचा होता. नऊ दिवस चहा, थोडी साबुदाण्याची खिचडी, एखादं केळं, आणि दोन्ही वेळचं ग्राउंड. सातव्या माळेला ती १०० मीटरच्या तिसऱ्या स्प्रिंटनंतर डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली. दसऱ्यानंतर टायमिंग घेतलं तर ३ मिनिटं १२ सेकंद. मेहनत जूनपेक्षा दुप्पट, आणि वेळ जूनच्या जवळ परत निघालेली.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ती दुसऱ्यांदा आली तेव्हा चालताना उजवा पाय जपून टाकत होती. आता दुखणं लांबलचक नव्हतं. उजव्या नडगीच्या खालच्या भागात, आतल्या कडेला, बोटाच्या टोकाखाली मावेल अशा एका जागी होतं. तिथं दाबलं की ती टेबलावरून उचलली जायची. रात्री झोपेतही ठणकायचं. एका पायावर उडी मार म्हटलं तर पहिल्याच उडीला तिनं भिंत धरली. स्नायूंच्या दुखण्याची ही लक्षणं नव्हती. हाडावर ताण येऊन त्यात बारीक चीर पडत असल्याचा, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरचा किंवा त्याच्या आधीच्या पायरीचा हा दाट संशय होता.

या वेळी मी टेबलावर बसले आणि विचारायला सुरुवात केली. वजन केलं, ४५ किलो. पाळी? ती सहज म्हणाली, "जुलैपासनं आली न्हाई मॅडम. बरंच झालं की, ग्राउंडला त्रास न्हाई." ते ऐकून माझ्या पोटात कालवलं. तीन महिने पाळी थांबणं ही तपासून घ्यायची गोष्ट आहे आणि ही मुलगी तिला सोय समजत होती. खोलीतल्या दोन्ही मैत्रिणींचंही तसंच चाललंय असं तिनं वर सांगितलं.

मग जेवणाचं विचारलं. "खातो की मॅडम, दोन वेळचा डबा हाय." डबा तिच्या पिशवीतच होता, अभ्यासिकेत जाता जाता ती आली होती. उघड म्हटलं. चार खणांचा स्टीलचा डबा. एका खणात दोडक्याची भाजी, एकात आमटी. तिसऱ्यात भात, वरून चमच्याचा दाबसुद्धा नाही, तसाच गच्च. चौथ्यात तीन चपात्या, त्यातल्या दोन वर्तमानपत्रात वेगळ्या गुंडाळून रबर लावलेल्या. "ह्या रूममेटला देतो. भात अभ्यासिकेच्या मावशींस्नी." रोज, दोन्ही वेळेला. सकाळी ग्राउंडला उपाशीपोटी, परत आल्यावर मोड आलेले मूग आणि काकडी, दुपारी एक चपाती, रात्री नुसती भाजी-आमटी, आणि भूक लागली की चहा.

मी कागदावर हिशेब मांडला. अंदाजाचाच हिशेब, पण तोसुद्धा पुरेसा होता. दिवसाला ती अकराशे ते बाराशे किलोकॅलरी खात होती. दोन वेळच्या ग्राउंडात सहाशेच्या आसपास जात होत्या. उरल्या पाचशे ते सहाशे, त्यात हृदय, मेंदू, हाडं, रक्त, पाळी सगळं चालवायचं. चरबी वगळून तिच्या शरीराचं वजन साधारण ३७ किलो धरलं तर व्यायाम वजा जाता दर किलोमागे जेमतेम १५ किलोकॅलरी उरत होत्या. ही उरलेली ऊर्जा ४५ च्या आसपास असली की शरीर नीट चालतं, ३० च्या खाली गेली की ते काटकसर सुरू करतं. पाळी थांबते, हाडांची डागडुजी मंदावते, चिडचिड होते, झोप उडते, सर्दी हटत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं. खेळाडूच्या शरीराला खर्चाच्या मानानं ऊर्जा कमी पडणं, असा त्याचा अर्थ. नाव ऑलिंपिकवाल्यांनी दिलं असलं तरी ते दुखणं माझ्यासमोर राजारामपुरीच्या एका खोलीतून चालत आलं होतं.

तपासण्या

ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे पाठवलं. एक्स-रे स्वच्छ आला, आणि ते अपेक्षित होतं, कारण अशा दुखापतीत पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा काहीच दिसत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफी बघून घेतली. सगळं ठीक. त्यांनी पाळी आणायच्या गोळ्या दिल्या नाहीत, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. गोळीनं रक्तस्राव येतो, पण शरीराची उपासमार तशीच राहते आणि सगळं सुरळीत झालं असं मुलीला वाटतं. रक्तात हिमोग्लोबिन १०.४ (बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय), फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) कमी, ड जीवनसत्त्वही कमी. उजाडायच्या आत धावणारी आणि दिवसभर अभ्यासिकेत बसणारी मुलगी, तिला ऊन लागणार कधी?

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय अकॅडमीतून आला होता: दुखण्याची गोळी घ्यायची, पायाला पट्टी बांधायची, भरतीची जाहिरात कधीही निघेल, तेव्हा थांबायचं नाही. हा पर्याय मी सरळ नाकारला. गोळी दुखणं झाकते आणि चीर वाढत राहते. पूर्ण हाड मोडलं तर हे वर्ष गेलं आणि पुढचंही धोक्यात.

दुसरा पर्याय मला स्वतःला आवडलेला होता: दोन महिने गावी जा. घरचं दूध, आईच्या हातची भाकरी, रात्रभर झोप. वैद्यकीयदृष्ट्या याहून चांगलं काही नव्हतं. मी तसं सांगितलं आणि स्नेहल पहिल्यांदा रडली. "घरी गेलो की परत पाठवणार न्हाईत मॅडम." तेव्हा मला ते एक वर्ष कळलं. उत्तम सल्ला, पण तो पाळला तर मुलीचं आयुष्यच वळणार असेल, तर तो तिच्यासाठी उत्तम कसा म्हणायचा? मी तो मागे घेतला.

एमआरआयचा प्रश्नही होता. त्यानं दुखापत नेमकी कुठल्या पायरीवर आहे ते कळलं असतं. वडील फोनवर म्हणाले, "त्या पैशात पोरीचं दोन-तीन महिन्यांचं दूध-अंडी हुतील की." ऑर्थोंशी बोलून आम्ही ठरवलं की एमआरआय न करता वाईटातलं वाईट धरायचं आणि सहा आठवडे धावणं पूर्ण बंद ठेवायचं. दुखणं त्यात कमी झालं नाही तर मग खर्च करायचाच.

तिसरा पर्याय असा उरला: शहरातच राहायचं, अभ्यास चालू ठेवायचा, धावणं बंद, आणि त्या सहा आठवड्यांत जेवण, झोप आणि गोळाफेक यांवर काम करायचं. गोळ्याचं तिला पटलं ते गुणांमुळे. तिचा गोळा ५.१० मीटरवर अडला होता, कारण अंगात ताकदच नव्हती. "धावण्याचे गुण सहा आठवडे वाढणार नाहीत, पण गोळ्याचे वाढू शकतात," असं म्हटल्यावर तिनं वही काढली. तब्येतीच्या गोष्टी सांगून जे जमलं नव्हतं ते १५ गुणांनी जमवलं.

प्रत्यक्षात काय केलं

सगळ्यात अवघड गेला आराम. जेवण वाढवायला ती चार दिवसांत तयार झाली, पण सकाळी मैत्रिणी बूट घालून निघायच्या आणि ही अंथरुणात, हे तिला सहन होत नव्हतं. एक दिवस बोलता बोलता तिनं सांगितलं की तिचे चुलत आजोबा तरुणपणी कोल्हापुरात तालमीत होते. मी विचारलं, ते दुपारी काय करायचे? ती हसली. "झोपायचे. घरी आले तरी दुपारी कुणी आवाज केला की खवळायचे."

मला हेच हवं होतं. खासबागेचं कुस्तीचं मैदान १९१२ पासून उभं असलेल्या या गावात मेहनत कशाला म्हणतात हे कुणाला शिकवायला नको. पण तालमीतला दिवस कुणी नीट बघितला तर त्यात तीन गोष्टी दिसतात: मेहनत, खुराक आणि आराम. पहाटे जोर-बैठका आणि लढती झाल्या की थंडाई, दूध, तूप, पोटभर जेवण, आणि मग दुपारची गाढ झोप. तिथं झोपलेल्या पैलवानाला वस्ताद हलवून उठवत नाही. आराम हा तिथं दिनक्रमाचाच भाग, कुणी त्याला खाडा म्हणत नाही. भरतीच्या ग्राउंडांनी तालमीतली मेहनत तेवढी उचलली. खुराक मेसच्या डब्यावर सोडला आणि आरामाला दंड लावला. पैलवानाचा खुराक स्नेहलला नको होता, पण त्या तिन्हींचा हिशेब तिला लागू होता. आजोबांची झोप आठवल्यावर तिनं दुपारी अभ्यासिकेतून खोलीवर येऊन अर्धा तास पडायचं कबूल केलं.

रात्रीच्या झोपेसाठी तिघींची बैठक झाली, कारण खोलीत दिवा एकच. बाकीच्या दोघी साडेबाराशिवाय झोपत नव्हत्या. साडेदहाला मोठा दिवा बंद, पुढे ज्यांना वाचायचं त्यांनी टेबललॅम्प लावायचा, असं ठरलं. स्नेहल साडेदहा ते साडेपाच झोपू लागली. अभ्यासाचे दोन तास गेले. सुरुवातीला तिला फार चुकल्यासारखं वाटायचं. सराव परीक्षांतले गुण एकदम वाढले असं झालं नाही, पण कमीही झाले नाहीत, आणि दोन तास कमी बसून तेवढेच गुण पडतात हे तिच्याच वहीत दिसल्यावर ती वाद घालायची थांबली.

जेवणात आम्ही नवीन पदार्थ फारसे आणले नाहीत. आधी डब्यातलं परत तिच्या पोटात आणलं. तिन्ही चपात्या आणि सगळा भात तिनंच खायचा, दोन्ही वेळेला. मेसच्या काकूंना सांगून आठवड्यातून चार दिवस चपातीऐवजी ज्वारीची भाकरी घेतली, कारण ती तिला आवडायची आणि आवडीचं असलं की माणूस खातो. सकाळी उठल्यावर एक केळं किंवा चार खजूर. व्यायामानंतर तासाभराच्या आत दोन उकडलेली अंडी, मूठभर शेंगदाणे आणि गूळ. दिवसभरात अर्धा लिटर दूध. (गंगावेशीत म्हशीची धार काढून तिथल्या तिथे प्यायची पद्धत आहे आणि गावाकडच्या मुलांना तेच ताकदीचं वाटतं. मी मात्र दूध उकळूनच प्यायला सांगते, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात.) रविवारी गावाकडून कुणी आलं की मटणाचा डबा यायचा, तो मोकळ्या मनानं खायचा. प्रोटीन पावडरचं तिनं विचारलं होतं. अंडी, दूध, शेंगदाणे, आमटी मिळून तिची प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत जात होती, त्यामुळे पावडर घेऊ दिली नाही.

लोहाच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या. माझी भर एवढीच की लोहाची गोळी आणि जेवण यांच्या आगेमागे तासभर चहा नको आणि आमटीवर लिंबू पिळायचं. चहात लोह अडतं, लिंबानं ते अंगी लागायला मदत होते. चहा सोडायला तिला भात परत खाण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

उरला शुक्रवार. अंबाबाईचा शुक्रवारचा उपवास ती लहानपणापासून धरायची आणि तो सोडायला सांगायची माझी इच्छाही नव्हती, अधिकारही नव्हता. तिची आई एकदा दवाखान्यात आली तेव्हा मी विचारलं, शुक्रवारी तिनं पळायलाच पाहिजे का? आईचं उत्तर फटकन आलं: "देवीच्या वाराला कशाला पळायचं? बसू दे की निवांत." तिथंच ठरलं. शुक्रवार हा आठवड्याच्या सुट्टीचा दिवस. उपवासाला साबुदाण्याऐवजी वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, रताळं, राजगिऱ्याची वडी आणि नेहमीचं दूध, पोट भरेल इतकं. उपवास मोडला नाही आणि सात दिवसांतला एक दिवस हाडाला मिळाला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत समाधान देऊन गेलेला निर्णय हाच, आणि तो माझ्याइतकाच तिच्या आईचा आहे.

सहा आठवडे तिनं पाय न आपटता होणारे व्यायाम केले: जागेवरून गोळा टाकणं, भिंतीला आणि मग जमिनीवर जोर, पोटाचे व्यायाम, दुखेनासं झाल्यावर पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं. नोव्हेंबरअखेर दाबून दुखत नव्हतं, पाऊण तास चालता येत होतं, एका पायावर दहा उड्या शांतपणे होत होत्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मातीवर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, दिवसाआड, असं सुरू केलं.

मधेच बसलेला फटका

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ग्राउंडवर ८०० मीटरची ट्रायल होती. स्नेहल मला न सांगता पळाली. ३ मिनिटं ९ सेकंद. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर दुखायला लागलं होतं. आणखी दहा दिवस गेले.

मी रागावले नाही असं म्हणणार नाही. पण रात्री विचार केला तेव्हा चूक तिच्या एकटीची वाटेना. दिवसभर जे वातावरण तिच्याभोवती होतं त्याच्याशी मी अजून बोललेच नव्हते. दोन दिवसांनी पहाटे मी ग्राउंडवर गेले आणि सरांना भेटले. माणूस वाईट नव्हता. स्वतः तीनदा भरती दिलेला, शेवटच्या वेळी दोन गुणांनी राहिलेला. ते म्हणाले, "मॅडम, दुखतंय म्हणणाऱ्या प्रत्येकाला घरी पाठवलं तर ग्राउंड रिकामं पडंल." आणि त्यांचंही बरोबर होतं, सत्तर मुलांत कुणाचं हाड दुखतंय आणि कुणाचा कंटाळा, हे एकट्या माणसानं ओळखायचं कसं? मी त्यांना दोन खुणा दाखवल्या: बोटाच्या टोकाएवढ्या जागी दुखणं आणि एका पायावर उडी न मारता येणं. यातलं काही असेल तर त्या मुलाला पळवू नका, एवढंच मागितलं. स्नेहलचा कागद त्यांनी ठेवून घेतला, तिला घोळक्यापासून वेगळं, मातीच्या कडेनं पळू दिलं आणि शुक्रवारचा खाडा मांडणं बंद केलं.

काय निष्पन्न झालं

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाळी आली. सकाळी सात वाजता मेसेज आला आणि त्यात फक्त तेवढंच होतं. वजन ४८.५ किलो झालं, हिमोग्लोबिन महिनाअखेर १२.१. फेरिटिन वाढलं, पण अजून हवं तितकं नव्हतं, म्हणून गोळ्या चालू राहिल्या.

फेब्रुवारीत मैदानी चाचणी झाली. ८०० मीटर ३ मिनिटं ३ सेकंद, म्हणजे ऑगस्टमधल्या तिच्या चांगल्या वेळेपेक्षा दोन सेकंद जास्त. गोळा मात्र ५.८५ मीटर, पाऊण मीटरची वाढ. ती लेखीला पात्र ठरली. अंतिम यादीत तिचं नाव थोडक्यात हुकलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नीट खाल्लं, नीट झोपलं म्हणून वर्दी मिळतेच असं सांगितलं तर ते खोटं होईल. घरच्यांनी तिला आणखी एक वर्ष दिलं आहे. आई मध्ये पडली.

वेगळं काय करता आलं असतं

ऑगस्टमधली ती वीस मिनिटं मी आजही विसरत नाही. तेव्हा पाळी थांबून महिना-दीड महिनाच झाला होता, वजन दोन-अडीच किलोंनी उतरलेलं असणार, हाडाला अजून धक्का नव्हता. तीन प्रश्न विचारले असते तर दोन-तीन आठवड्यांच्या फेरबदलावर भागलं असतं. नडगी घेऊन आलेल्या मुलीची मी फक्त नडगी बघितली. आता माझ्या पहिल्या भेटीच्या कागदावर पेनानं तीन ओळी वाढवल्या आहेत: काल काय काय खाल्लं, किती वाजता झोपलीस-उठलीस, शेवटची पाळी कधी. मुलांना तिसरीच्या जागी सुट्टीचा वार विचारते.

सरांना मी डिसेंबरच्या फटक्यानंतर भेटले, ऑक्टोबरमध्येच भेटायला हवं होतं. आईलाही नवरात्रानंतर नव्हे तर त्याच्या आधी फोन करता आला असता, पण त्यासाठी मला उपवासाचं ठाऊक असायला हवं होतं, म्हणजे पुन्हा ऑगस्टवरच गाडी येते.

एमआरआयबद्दल माझं मन अजून ठाम नाही. तो केला असता तर दुखापत हलकी निघून तिला दोन आठवडे आधी पळता आलं असतं, किंवा चित्र डोळ्यांनी बघून डिसेंबरची ट्रायल तिनंच टाळली असती. पण त्या पैशांची खरंच अंडी आणि दूध झालं, हेही मी पाहिलं आहे. दुखणं सहा आठवड्यांत हललं नसतं तर मात्र मी एक दिवसही थांबले नसते.

आणि तिच्या रूममेट. "दोघींचंही तसंच चाललंय" हे मी ऑक्टोबरमध्ये ऐकलं आणि सोडून दिलं, कारण त्या माझ्या पेशंट नव्हत्या. दिवा कधी बंद करायचा यावर त्यांच्याशी बोलणं झालं, पाळीवर झालं नाही. त्यातली एक मार्चमध्ये पायाला प्लास्टर घालून गावी गेली.

मे महिन्यात त्याच सरांनी ग्राउंडवरून तीन मुली माझ्याकडे पाठवल्या. दोघींची साधी नडगी आहे, बूट आणि डांबरी रस्ता यांचं दुखणं. तिसरीचं दुखणं बोटाच्या टोकाएवढं आहे आणि तिची पाळी फेब्रुवारीपासून आलेली नाही. तिला उद्या सकाळी डबा घेऊन यायला सांगितलं आहे, न उघडता.